भादव्यातला कंबोडिया आणि न फेकलेला भात

माझी नात उज्ज्वला, आमची उजू, कंबोडियात नोकरीला लागली, तेव्हा तो देश पूर्वेला आहे की पश्चिमेला हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. ती तिथे राजधानीत, नॉम पेनला, शिवलेल्या कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. सुट्टीत आमच्या गावी कोंढ्याला आली की तिकडचे फोटो दाखवायची. गावागावात विहार, चीवर घातलेले भंते, आणि बांध्यांमध्ये हिरवागार धान. मी म्हणायची, अगं, हे तर आपलंच गाव दिसते, माणसं तेवढी बदलली. मग एक दिवस तिचा फोन आला.

“आजी, भादव्याच्या शेवटी कारखान्याले सुट्टी राहते. तू येऊन जाय. खायले इतकं राहते इथं का विचारूच नको.”

मी विचारलंच नाही. लगेच हो म्हटलं.

माझी जाऊ शांता शेजारीच राहते. तिला कळलं तशी ती पदर खोचून आली. “भादव्यात? पितृपक्षात विमानात बसतेस?”

“आपल्याले कायचा पितृपक्ष? आपल्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवाच सुटला तो.”

“तू सोडला. विमानवाल्यानं सोडला का?”

शांता अशीच आहे. पण जायच्या दिवशी तिनंच मला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. व्हिसा फोनवरून निघतो, कुठे खेटे घालावे लागत नाहीत, पण त्याचा कागद छापून जवळ ठेवा. मी कोंढ्याहून पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठलं. तिथून दिल्ली, दिल्लीहून बँकॉक, आणि बँकॉकहून लहानसं विमान नॉम पेनला. मी चौथी शिकलेली बाई, विमानतळावरच्या पाट्या मला वाचता येत नाहीत. मी एक युक्ती केली. विमानातून उतरल्यावर एक भंते दिसले, त्यांच्या मागे मागे गेले. ते बाथरूमकडे गेले तेव्हा मात्र मी थांबले. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या पोरीनं माझ्याकडे पाहून हात जोडले, मीही जोडले. एवढं सोपं आहे सगळं. उगाच घाबरतो आपण.

नॉम पेनमध्ये सकाळी उठून पहिलं काम खाणं. रस्त्याच्या कडेला बायका खांद्यावर कावड घेऊन बसतात. एका बाजूला तांदळाच्या पांढऱ्या शेवया, दुसऱ्या बाजूला माशाचं हिरवं कालवण, आणि वर कच्च्या केळफुलाची चिरलेली पानं. दीड डॉलरला वाटी भरून. गवती चहाचा वास आणि आपल्या नदीतल्या माशाची चव. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुपारी उजूनं केळीच्या पानात वाफवलेला मासा खाऊ घातला, नारळाच्या दुधातला, साईसारखा मऊ. बाजारात तळलेले नाकतोडे पण होते. उजू तोंड फिरवून उभी राहिली. मी एक खाल्ला. तळलेलं काहीही कुरकुरीतच लागते, त्यात काय. शाकाहारी लोकांनी मात्र सांभाळून जावं, भाजीतसुद्धा माशाची पेस्ट असते. तिला प्राहोक म्हणतात. वास आपल्या सुकटासारखा, पण सुकटाचा बाप.

तिथे प्रत्येक घरापुढे खांबावर एक छोटंसं घर असते, पक्ष्याच्या खोप्याएवढं, पण रंगवलेलं, कौलांचं. आत पाण्याचा पेला, केळं, उदबत्ती. उजूच्या इमारतीपुढेही होतं. त्यात लाल शरबताची बाटली ठेवलेली आणि तिच्यात नळी खोचलेली.

“हे कोणासाठी?” मी विचारलं.

“या जागेचा मालक राहते त्यात. दिसत नाही तो.”

“मंग तू भाडं कोणाले देतेस?”

ती हसली. मीही हसले. पण सकाळी बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि दुपारी आम्ही परत आलो तेव्हा निम्मी होती. झाकण तर उघडंच होतं, ऊन कडक होतं. उन्हानं उडालं असेल. नळीचं वरचं टोक मात्र ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजूची मैत्रीण सोखा आली. तिच्याच कारखान्यात काम करते, सावळी, बारीक, हसरी पोर. तिनं आम्हाला गावी न्यायचं ठरवलं होतं, कोम्पोंग छ्नांग नावाच्या जिल्ह्यात. मडक्यांसाठी तो मुलूख प्रसिद्ध आहे. सोखा आणि उजू इंग्रजीत बोलायच्या आणि उजू मला मराठीत सांगायची, म्हणून पुढे जे जे सोखाच्या तोंडचं लिहिते ते उजूच्या तोंडून आलेलं आहे.

नॉम पेनहून सामायिक गाडीनं एरवी दोन तास लागतात. आम्हाला जास्त लागले, कारण अख्खं शहर गावाकडे निघालं होतं. गाड्यांच्या टपावर केळीचे घड, तांदळाची पोती, कोंबड्या. मला वाटलं दिवाळीसारखा सण असेल. मी सोखाला विचारलं की तुमच्या सणाला काय करतात, दिवे लावतात का?

“नाही. दिवे विझवतात,” सोखा म्हणाली.

मग तिनं सांगितलं. भादव्याच्या या पंधरवड्यात यमाच्या घराची दारं उघडतात. जे उपाशी मेले, ज्यांचं कोणी काही केलं नाही, ते बाहेर येतात. त्यांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असते. उजेड त्यांना सहन होत नाही. ते सात विहार फिरतात आणि आपल्या माणसाला शोधतात. आपलं माणूस दिसलं नाही तर रडत परत जातात. म्हणून लोक पहाटे अंधारात विहाराला तीन फेरे घालतात आणि चिकट भाताचे तीळ लावलेले गोळे चहूकडे फेकतात.

मी उजूकडे पाहिलं. “हे त पिंडच झाले.”

“हाव.”

“अन् हे लोक बौद्ध.”

“हाव, आजी. आपल्याहून जुने.”

गाडीत बाकी सगळे झोपले होते. बाहेर ताडाची झाडं एकामागे एक जात होती, मधे मधे पाण्यानं भरलेली शेतं, आणि त्या पाण्यात एकही माणूस नाही. आपल्याकडे भादव्यात बांधीत निंदायला बाया असतात, कोणी बांधावर बसून विडी ओढत असते. इथे कोणीच नव्हतं. मला एकदम शांताची आठवण आली.

सोखाच्या गावात घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि त्यांच्या खाली बायका मडकी घडवतात. ते पाहून मी चाटच पडले. आपल्याकडे कुंभार बसतो आणि चाक फिरते. इथे मडकं जागेवर बसते आणि बाई फिरते. एका ओंडक्यावर मातीचा गोळा, आणि बाई ओल्या फडक्यानं त्याचा काठ धरून उलटी चालत त्याच्याभोवती फिरते. पाठ पुढे, तोंड मडक्याकडे, नजर जराही न हलवता. पायांचा आवाज नाही. जमिनीवर तिच्या पायांनी गोल वाट पडलेली असते. मी किती वेळ पाहत राहिले. पाहता पाहता असं वाटायला लागते की बाई चालतच नाही, आपणच फिरतोय.

सोखाची आजी वर ओट्यावर बसली होती. तिकडे आजीला येय म्हणतात, म्हणून मीही येयच म्हणायला लागले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. पांढरे बारीक केस, तोंडात पान, आणि गुडघे दोन्ही निकामी. आयुष्यभर मडक्याभोवती उलटं चालून झिजले. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर समजत नव्हतं. पण संध्याकाळी विहाराच्या भोंग्यावर भंतेंनी ‘नमो तस्स भगवतो’ म्हणायला सुरुवात केली, आणि मी सवयीनं मागे म्हणायला लागले. येयनं चमकून पाहिलं. मग तीही म्हणायला लागली. त्रिसरण, पंचशील, सगळं तेच, फक्त तिचे उच्चार वाकडे. ती म्हणत असेल माझे वाकडे. शेवटी तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि हसत सुटली. कोंढ्याच्या विहारात पाठ केलेलं इतक्या दूर कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

जेवण मी कधी विसरणार नाही. चिंचेचं आंबट माशाचं सार, भाजलेलं वांगं डुकराच्या खिम्यात, कमळाच्या देठांची भाजी, आणि भात, भात, भात. कमळाचे देठ आपणही बोडीतून, म्हणजे गावच्या लहान तळ्यातून, काढून खातो, पण त्यात त्यांनी झिंगे घातले होते. येय चार घास खाऊन थांबली. मला कसं चालेल? मी उठून तिच्या ताटात सार वाढलं. ती हातानं नको नको करते आणि मी वाढते. “घे ना वं माय, अजून घे. एवढ्याशानं काय होते?” तिला मराठी काय समजणार, पण तिनं खाल्लं. सोखा डोळे मोठे करून पाहत होती. तिच्या आजीनं एवढं कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं म्हणे.

ओट्यावर आम्ही चौघी होतो. ताटं पाच होती. पाचवं येयच्या डाव्या बाजूला, भरलेलं, झाकलेलं. मी विचारलं नाही. विचारायचं नसते अशा गोष्टींचं, हे कुठल्याही देशात समजते.

दुसरा दिवस केळीच्या पानात चिकट तांदूळ बांधण्यात गेला. आत मुगाची डाळ आणि डुकराचं मांस, किंवा केळं. दोरीनं करकचून बांधायचं आणि मोठ्या हंड्यात उकळायचं. आपण पळसाच्या पानात पानगे करतो त्याची ही मोठी बहीण. माझे हात भराभर चालायला लागले तशी शेजारच्या बायका पाहायला आल्या. एकीनं काही म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

“काय म्हणते ती?” मी उजूला विचारलं.

“म्हणते, तुझ्या आजीले इथंच ठेवून जाय.”

“सांग तिले, शांता राहू देणार नाही. तिले भांडाले कोण मिळन?”

संध्याकाळी येयनं मला जवळ बोलावलं, सोखाला आणि उजूलाही बसवलं, आणि सांगायला सुरुवात केली. तिचं खमेर सोखाकडे, सोखाचं इंग्रजी उजूकडे, उजूची मराठी माझ्याकडे. गोष्ट माझ्यापर्यंत येता येता बारीक होऊन आली, तरी तिचं वजन तेवढंच होतं.

पन्नासेक वर्षांपूर्वी तिकडे एक राजवट आली होती. शहरं रिकामी केली, सगळ्यांना शेतांवर राबायला नेलं, आणि उपाशी ठेवलं. येय तेव्हा तरुण होती, तापानं अंथरुणाला खिळली होती. माणशी एक पळी भाताचं पाणी मिळायचं. तिची आई आपली पळी तिच्या वाटीत ओतायची. येयनं पिऊन झालं की आई ती वाटी घ्यायची आणि चाटायची. तेवढंच तिचं जेवण. येय जगली. आई कुठे गाडली ते कोणालाच माहीत नाही.

दरवर्षी येय स्वतः फेरे घालायची आणि आईसाठी भात फेकायची. मागच्या भादव्यात गुडघे उचलले नाहीत म्हणून सोखानं फेकला. त्यानंतर येयला एकच स्वप्न पडायला लागलं. आई गर्दीच्या मागे उभी आहे. पुढचे झडप घालून घेतात आणि तिच्यापर्यंत काही येत नाही. तिच्या हातात तीच वाटी, रिकामी. वर्षभर तेच स्वप्न. म्हणून येय जेवत नव्हती.

“सोखा पोर आहे,” येय म्हणाली. “फेकते आणि पळते. तू माणसाला उपाशी उठू देत नाहीस, ते मी काल पाहिलं. उद्या पहाटे माझ्या आईचं ताट तू ने.”

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो, अडचणीचा होता. मी उजूला बाजूला नेलं.

“तिले सांग, मले जमत नाही.”

“आजी, काहून पण? गोळे त फेकायचे आहेत.”

“आपल्या प्रतिज्ञेत काय आहे? श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही. तुझा आजोबा गेला तवा मी केलं नाही. आजूबाजूच्यांनी किती टोमणे मारले, तरी केलं नाही.”

“मी फेकू का तुझ्या बदल्यात?”

“तूही त्याच घरची आहेस.” मग मी तिला ते सांगितलं जे तिच्या बापालाही नीट सांगितलं नव्हतं. “तुझी पणजी लहान होती तवा लोकांच्या तेराव्याले, पितरांले, आपल्या वस्तीतल्या बाया वेशीबाहेर उभ्या राहत. वरून अन्न फेकत त्याईच्या पदरात. हातात देत नव्हते. खाली पडलं त उचलून घ्या. सासू मले सांगे, भूक लागली का माणूस सगळं गिळते, पण फेकलेलं गळ्यातून उतरत नाही. दीक्षा घेतली त्या दिवसापासून या घरात अन्न फेकलं नाही कोणी. मी कशी फेकू? तेही उपाशी मेलेल्या बाईपुढं?”

उजूनं सोखाला थोडंसं सांगितलं, सोखानं येयला. येयनं मान हलवली. आग्रह केला नाही. पण झोपताना पाहिलं तर माझ्या उशाशी ॲल्युमिनियमचं एक ताट ठेवलेलं होतं, केळीच्या पानानं झाकलेलं. त्यात तिळाचे गोळे. येय अंधारात माझ्याकडे पाठ करून पडली होती. झोपलेली माणसं तशी पडत नाहीत.

पहाटे सोखानं हलवलं तेव्हा मी ताट उचललं. का उचललं, मला सांगता येत नाही. म्हातारीला वर्षभर झोप नाही आणि मी ताट तिथेच ठेवून जाऊ? एवढंच मनात होतं की घेऊन तर जाऊ, पुढचं पुढे पाहू.

रात्री पाऊस पडून गेला होता. वाटेत चिखल, आणि वाटेवर कितीतरी माणसं, पण आवाज नाही. एवढी माणसं एवढी गप्प मी कधी पाहिली नाहीत. आमच्याकडे मैतातही याहून जास्त बोलतात. विहाराच्या आवारातले दिवे मालवले होते. आतून भंतेंचा आवाज येत होता, पाली, माझ्या ओळखीचा. कोणाकोणाच्या हातात मेणबत्ती. माझीही होती, ती पहिल्याच वळणावर विझली. सोखा आणि उजू पुढे निघून गेल्या. मी मागे राहिले, ताट सांभाळत.

पहिल्या फेऱ्याला फक्त आवाज ऐकू येत होता. थप. थप. गवतात, चिखलात, भिंतीच्या पायथ्याशी. आपल्याकडे रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधीत फेकतात, तसाच ओला आवाज. पण पेंढी पडली की पुढे शांतता असते. इथे प्रत्येक थपनंतर गवत जरासं सळसळायचं. बेडूक असतील. तिथे बेडूक फार.

दुसऱ्या फेऱ्याला मी एक गोळा उचलला. तो अजून कोमट होता. रात्रभर ठेवलेला भात कोमट कसा, हे तेव्हा लक्षात आलं नाही. हात वर नेला आणि खाली आणला. फेकवेना. मग मला वाटलं, वाढणं तर प्रतिज्ञेत कुठे मना नाही. मी गोळा ताटात ठेवला, ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं, पंगतीत पाहुण्यापुढे धरतो तसं, आणि चालत राहिले.

तिसऱ्या फेऱ्याला माझ्या पुढे एक बाई होती. माझ्याकडे तोंड करून, उलटी चालत होती. मला वाटलं गावातली एखादी मडकेवाली असेल, पायाला सवयच तशी. लहानखुरी, काळे कपडे, मानेवर कापलेले केस. तोंड दिसत नव्हतं, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती एवढं समजत होतं. ती ताटाकडे पाहत होती. तिच्या पायांचा आवाज नव्हता. चिखलातही नव्हता. मी थांबले की ती थांबायची.

खरं सांगते, मला भीती वाटली. पण हातात ताट आणि समोर उपाशी माणूस असलं की बाईच्या जातीला भीती नंतर वाटते, आधी तोंडातून शब्द जातो. मी म्हटलं, “घे माय. लाजू नको. अजून घे.”

आणि घरात म्हणते तसंच म्हणत राहिले, हळू आवाजात, पूर्ण फेराभर. ताट हलकं होत गेलं. कोणी हात घातलेला मला दिसला नाही. हलकं होत गेलं एवढंच. मग भिंतीच्या पलीकडे कोंबडा आरवला, समोर पाहिलं तर नुसतं धुकं, आणि उजू माझा दंड धरून म्हणत होती, “आजी, कोणासंग बोलून राहिली तू?”

उजाडल्यावर मी ताट पाहिलं. ज्यांनी चिकट भात केला आहे त्यांना माहीत असेल. तो सोडत नाही. ताटाला शितं राहतात, तीळ राहतात, ताट भिजत घालावं लागते. माझं ताट लखलखीत होतं. घासलेल्याहून स्वच्छ.

येय ओट्याच्या काठावर बसून वाट पाहत होती. तिनं एकच शब्द विचारला. सोखानं सांगायच्या आधीच मला समजला. खाल्लं का?

हो म्हणावं तर ते खोटं ठरेल की खरं, मला माहीत नव्हतं, आणि खोटं न बोलायचं शील मी दर रविवारी घेते. म्हणून मी फक्त ताट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, मधोमध, मग काठाच्या आतून, जिथे तीळ अडकून बसतात तिथून. बोट पाहिलं. परत फिरवलं. मग ताट छातीशी धरून ती रडली, आणि रडता रडता काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

सोखानं उजूच्या कानात सांगितलं. उजू म्हणाली, “म्हणते, माझी आई अशीच चाटायची.”

मी त्यांना त्या बाईबद्दल सांगितलं. केस मानेवर कापलेले, कपडे काळे, हे ऐकल्यावर सोखा उठून आत गेली. त्या राजवटीत सगळ्या बायांना तसेच केस आणि तसेच कपडे ठेवायला लावले होते, हे मला नंतर गाडीत कळलं. येयनं मात्र काही विचारलं नाही. तिनं भात मागितला. सकाळी सकाळी दोन वाट्या भात आणि सुका मासा खाल्ला, आणि तिथेच ओट्यावर आडवी झाली. आम्ही दुपारी निघालो तरी ती झोपलेलीच होती, तोंड उघडं, लहान पोरासारखी. सोखानं उठवू दिलं नाही.

नॉम पेनला परतताना उजू म्हणाली, “आजी, कुत्र्यानं खाल्लं असन. तिथं कुत्रे होते.”

“मी ताट खाली ठेवलंच नाही. कुत्रं माझ्या छातीएवढं उंच होतं का?”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. नोकरीला लागल्यापासून ठेवलं नव्हतं.

परत आल्यावर आठवडाभर आमच्या ओसरीवर बायांची जत्रा होती. मी आणलेली ताडाची साखर सगळ्यांना वाटली. घ्यायची असेल तर ताडाच्या पानात बांधलेल्या चकत्या घ्या, डब्यातली तेवढी चांगली नाही. प्राहोक आणायच्या भानगडीत पडू नका, पिशवी फुटली तर विमानातले लोक तुम्हाला फोडतील. गुडघ्यांना लावायचं तेल न्या, विहारांना पायऱ्या फार. आणि भादव्यातच जा, गाड्यांना गर्दी असली तरी.

रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. एक-दोघी कुजबुजल्या. एकीनं तोंडावरच म्हटलं, “म्हणजे पिंड दिलाच म्हणा तुम्ही. प्रतिज्ञा मोडली.”

मी काही बोलणार तेवढ्यात शांताच उठली. “पिंड फेकतात नाही त ठेवतात. हिनं वाढलं. समोर आलेल्या उपाशी बाईले वाढाले कोणत्या प्रतिज्ञेत मना आहे, दाखव मले.”

पण त्या दिवसापासून विषय निघाला की दोन बाया उठून जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. मलाही पक्कं माहीत नाही की मी काय केलं. सोखाचा फोन येतो. येय जेवते आहे. स्वप्न परत पडलं नाही. माझी प्रतिज्ञा मला विचाराल तर जागच्या जागी आहे, आणि आमच्या घरात अजूनही कोणासाठी घास काढून ठेवत नाही.

सगळे एकच विचारतात, तिकडे काय काय खाल्लं? ते मी आनंदानं सांगते, शेवयांपासून नाकतोड्यापर्यंत. कोणाला वाढलं हे कोणी विचारत नाही. पण बोलता बोलता मीच तिथे येऊन पोचते, आणि मग माझे दोन्ही हात आपोआप पुढे होतात, तळवे वर. समोरच्या बाया हसायच्या थांबतात. हात जड होतात. मी तशीच बसून राहते, ते हलके होईपर्यंत.